फोटोतली माणसं सरकवणारी उज्वला

उज्वला लग्न होऊन पंचवटीत आली तेव्हा तिच्या सासरी घर आणि धंदा यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. पडद्याच्या आत स्वयंपाक, पाणी, देव. पडद्याच्या बाहेर ‘मधुछाया फोटो स्टुडिओ’. नवरा किशोर लग्नांचे आणि बारशांचे फोटो काढायला पार येवल्यापर्यंत जायचा. सासरे चिमाजी, ज्यांना सगळा बोळ नाना म्हणायचा, ते दिवसभर खिडकीपाशी टेबल लावून बसायचे. टेबलाच्या मधोमध दुधी काच, काचेखाली बल्ब, आणि हाताशी टोकदार पेन्सिली, बारीक ब्रश, ब्लेडची अर्धी पाती.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. उज्वला सिन्नरकडच्या एका खेड्यातली, बारावी झालेली. सुरुवातीला तिला वाटलं, सासरे घड्याळं दुरुस्त करतात. एक दिवस चहा द्यायला गेली तर नाना एका म्हाताऱ्याला फोटोतून कापून काढत होते. टोपी झाली होती, कान झाला होता, आता पाती खांद्यावरून खाली उतरत होती. ती कपबशी हातात धरून तशीच उभी राहिली.

“घाबरू नको,” नाना मान वर न करता म्हणाले. “याला मुलाच्या लग्नात बसवायचाय. लग्नाच्या दिवशी दवाखान्यात पडून होता बिचारा.”

धंद्यात या कामाला मिक्सिंग म्हणत. दोन फोटोंतली माणसं एका फोटोत आणायची, नाहीतर एकाच फोटोतलं माणूस इकडचं तिकडं करायचं. आधी दोन्ही फोटो एका मापाचे काढायचे. माणूस कापायचा. मग त्याच्या कडा मागच्या बाजूनं पॉलिश पेपरनं घासून इतक्या पातळ करायच्या की चिकटवल्यावर कागदाची जाडी दिसू नये. चिकटवायचा, ब्रशनं सावली भरायची, आणि त्या जोडकामाचा पुन्हा फोटो काढायचा. त्यात नानांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. आणि एवढं सगळं झाल्यावर गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन म्हणायचं, “झकास! फक्त अण्णांना जरा डावीकडं घेतलं असतं तर…” नाना हसून बरं म्हणायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायचे.

किशोरनं धुऊन आणलेल्या फोटोंवर धुळीमुळं पांढरे ठिपके पडलेले असत. एकदा कुकरची शिट्टी होईपर्यंत उज्वलानं सहज एक ब्रश उचलला आणि एका नवरीच्या गालावरचे ठिपके भरले. दुसऱ्या दिवशी नाना तो फोटो उजेडात धरून बराच वेळ ठिपके शोधत होते.

“हे कोणी भरले?”

“मी भरले, नाना. चुकलं का?”

नानांनी पायानंच शेजारचं स्टूल पुढं ओढलं. “बस इथं.”

सासूबाईंना ते आवडलं नाही. सून पडद्याबाहेर बसणार, परकी माणसं येणार-जाणार, आणि भाकऱ्या कोण टाकणार? नाना म्हणाले, “भाकऱ्या टाकणाऱ्या बाया बोळात पुष्कळ आहेत. असा हात मला आजवर सापडला नव्हता.” पुढचे काही दिवस सासूबाईंनी भांडी जरा जोरातच आपटली. पण गिऱ्हाइकं “सूनबाईंनाच करायला सांगा” असं म्हणू लागली, तशा त्या शेजारपाजारी स्वतःच सांगू लागल्या की आमच्या उज्वलेचं काम वेगळंच असतं.

नानांनी तिला शिकवलं ते ब्लेड धरायला नव्हे, बघायला. “चेहरा कोणीही लावतो. तू पाय बघ. मिक्सिंगची माणसं हवेत तरंगतात, पाय जमिनीला लागत नाहीत. पाय लागले की माणूस तिथं आला.” मग उजेड कुठल्या बाजूनं आलाय ते बघायचं, नजर कुठं चाललीय ते बघायचं. उज्वला भाजी घ्यायला गेली तरी बायकांच्या पायाखालच्या सावल्या बघत उभी राहायची.

पुढं नानांचा हात थरथरू लागला. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. पण एका कामात पाती सरकली आणि एका आजोबांचा कान अर्धा कापला गेला. फोटो एकुलता एक होता, मूळ निगेटिव्ह कधीच हरवलेली. उज्वलानं दोन दिवस खपून तो कान रंगवून काढला, गिऱ्हाइकाला काही कळलंही नाही. पण त्या दिवशी नानांनी पाती कागदात गुंडाळून ठेवली. “आता तूच,” एवढंच म्हणाले.

सगळं काम एकटीवर आलं. लग्नसराईत फोटोंचे ढीग साचू लागले. त्याच सुमारास कॉलेज रोडला कोणीतरी कॉम्प्युटरवर फोटो जोडून देतो अशी बातमी किशोरनं आणली. “तासाभरात देतो म्हणे. आपण आठवडा लावतो. अशानं दुकान बसेल आपलं.”

“मग मी शिकते,” उज्वला म्हणाली.

क्लासमध्ये बाकी सगळी कॉलेजची पोरं. त्यांच्यात डोक्यावरून पदर घेतलेली, मुलाला बालवाडीत सोडून आलेली ही एकटी. स्क्रीनवरची सगळी नावं इंग्रजी, आणि मास्तरांचं बोलणं भरभर. पण बाजूच्या पट्टीत प्रत्येक कामाचं एकेक छोटं चित्र होतं, आणि चित्रं तिला वाचता येत होती. एक फास होता, तो माणसाभोवती टाकून आवळला की माणूस मोकळा व्हायचा. एक शिक्का होता, तो इथली भिंत उचलून तिथं उमटवायचा. म्हणजे माणूस सरकवल्यावर त्याच्या मूळ जागी जे भोक पडायचं ते बुजवता यायचं. ती त्यांना फास आणि शिक्काच म्हणायची. पुढं तिच्याकडं शिकायला आलेल्या मुलीही तेच म्हणू लागल्या.

जुना का होईना, घरात कॉम्प्युटर आला, आणि सोबत कागदावरचा फोटो आत घेणारा स्कॅनर. नानांच्या टेबलावरची दुधी काच निघाली आणि तिथं मॉनिटर बसला. नाना मागं खुर्ची घेऊन बसले होते. उज्वलानं एका कुटुंबाचा फोटो उघडला, टोकाला उभ्या असलेल्या काकाला फास टाकला आणि सरकवून मधे आणला. मग परत टोकाला नेला.

“थांब,” नाना म्हणाले. “आत्ता काय केलंस? मागं घेतलंस?”

“हो. चुकलं तर मागं घेता येतं.”

“पुन्हा कर.”

तिनं पुन्हा केलं. काका मधे आला, परत टोकाला गेला. नानांनी तिला ते कितीदा तरी करायला लावलं. मग चष्मा काढून धोतरानं पुसत बसले. “जन्मभर एका चुकीच्या धाकात कापत आलो मी,” ते म्हणाले. “माझ्या हातातली पाती आणि तुझं हे जर एका वेळी असतं ना…” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. उज्वलाला वाटलं त्यांना वाईट वाटलंय. पण नाना खुर्ची आणखी पुढं ओढून स्क्रीनला नाक लावून बसले. “ए, पाय बघ त्याचे. तरंगतोय तुझा काका.”

तेव्हापासून दोघं मिळूनच काम करत. हात तिचा, आणि नजर दोघांची.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात किशोरनं मखमलाबाद नाक्याकडचं एक लग्न घेतलं. नवरी आशा, नवरा रोहित, तो सातपूरला कंपनीत. आशाचे आईवडील ती लहान असतानाच गेले. तिला मावशीनं वाढवलं. मावशी म्हणजे भागुबाई, नदीकाठच्या बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसणारी. जुड्या विकून तिनं भाचीला शिकवलं आणि लग्नही एकटीच्या जोरावर उभं केलं.

लग्नानंतर काही दिवसांनी आशा अल्बमचे फोटो निवडायला स्टुडिओत आली. फोटो बघता बघता तिचा चेहरा उतरत गेला.

“ताई, यांत मावशी कुठंच नाही.”

उज्वलानं एकेक फोटो पुन्हा पाहिला. खरंच नव्हती. भागुबाईचा नवरा ऐन तरुणपणी गेला होता, आणि तेव्हापासून ती कोणाच्याही लग्नात स्टेजकडं फिरकत नसे. कोणी बोट दाखवायला नको, म्हणून स्वतःच लांब राहायची. शोधता शोधता एका फोटोत सापडली. किशोरनं अख्ख्या मांडवाचा एक मोठा फोटो घेतला होता. त्याच्या अगदी कोपऱ्यात, पाण्याच्या निळ्या पिंपांपाशी, नवं लुगडं नेसलेली भागुबाई उभी होती. एका हातात स्टीलचा पेला, दुसरा हात कमरेवर.

“हिला माझ्या शेजारी आणता येईल, ताई? स्टेजवर?”

“येईल की. आत्ताच बघ.”

उज्वलानं मावशीला फास टाकला, मोठं केलं, स्टेजवर नेऊन आशाच्या उजव्या हाताला उभं केलं. हातातला पेला काढून टाकला. मागचा पडदा शिक्क्यानं सारखा केला. चहा येईपर्यंत मावशी स्टेजवर पोचलीही होती. आशा स्क्रीनला हात लावून रडायला लागली. नानाही म्हणाले, “पाय लागलेत.” मोठा प्रिंट काढून आशा तो घेऊन गेली, आणि उज्वला दिवसभर खुशीत होती. हातानं केलं असतं तर आठवडा गेला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार उठल्यावर भागुबाई दारात उभी राहिली. काखेत रिकामी पाटी, हातात तो प्रिंट.

“ह्यो फोटू कोनी केला?”

“मी केला, मावशी. या ना आत.”

“लय ग्वाड केला. खोटं नाय बोलत.” भागुबाई पायरीवरच बसली. “पन मी तितं नव्हते.”

“आशाची इच्छा होती. ती रडत होती हो. तुम्ही इतकं केलंत, आणि फोटोत तुम्हीच नाही…”

“मला कोनी आडवलं नव्हतं, बाई. व्याही बोलवायला आले व्हते, मीच गेले नाय. उद्या कोनी इचारलं, भागे, तू कधी गं गेली वर? तर काय सांगू? मला उचलून ठिवली म्हनून सांगू?” तिनं फोटो मांडीवर सरळ केला. “मी पिंपापाशी हुभी व्हते. तितून पंगत दिसायची, आचारी दिसायचा, टेजबी दिसायचा. लगीन माझं व्हतं ते. मी केलं. मी काय पाव्हनी न्हवते वर जाऊन बसायला.”

हे ती रागानं बोलत नव्हती. मान ताठ होती, एवढंच. उज्वलाला एकदम त्या कोपऱ्यातल्या फोटोतला कमरेवरचा हात आठवला. आपण पेला काढला, स्टेज दिला, पण ते उभं राहणं कुठं तरी सांडलं, हे तिला तेव्हा कळलं.

“मग काय करू, मावशी? जुना फोटो तसाच देऊ?”

“मला हालवू नको,” भागुबाई म्हणाली. “तिला आन माझ्याकडं.”

आत कॅमेरा पुसत बसलेला किशोर हसला. “नवरानवरीला पिंपापाशी? अहो मावशी, शालू नेसलेली नवरी चिखलात?”

“चिखलातच आली व्हती ती!” भागुबाईनं त्याच्याकडं वळून पाहिलं. “तू तवा जेवाया बसला व्हता, भाऊ. अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, आन ही पोरगी हार गळ्यात घेऊन पळत आली माझ्याकडं. मागनं जावाई, मुंडावळ्या धरून. पाया पडली आन म्हनली, मावशे, पानी दे. सकाळपून घोटभर पानी न्हवतं पोटात तिच्या. पेला तिच्यासाठीच भरून ठिवला व्हता मी.”

किशोरनं कॅमेरा खाली ठेवला. नाना खुर्चीतून हळूच म्हणाले, “मग हा फोटो राहून गेलेला आहे, उज्वला. घेऊन टाक.”

हे काम सोपं नव्हतं. स्टेजवरचे नवरानवरी दिव्यांच्या पिवळ्या उजेडातले, आणि पिंपं उघड्यावर, उन्हात. ते तिथं उभे केले की परके दिसायचे. उज्वलानं सगळे फोटो पुन्हा चाळले. देवदर्शनाला निघताना मांडवाच्या दारात दोघांचा एक फोटो होता, उन्हातला, आशा किंचित बाजूला बघत हसणारी. त्या दोघांना तिथून उचललं. भागुबाईला जागेवरून तसूभरही न हलवता, आशाला तिच्या उजवीकडं आणि रोहितला आशाच्या मागं आणलं. पेला भागुबाईच्या हातातच राहिला, आणि आशाची नजर बरोबर त्या पेल्याकडं गेली.

“कोपरा मोठा केलास, त्यात मावशीच्या अंगावर फोटोचे बारीक दाणे उठलेत,” नाना म्हणाले. “या दोघांच्याही अंगावर तसेच दाणे टाक. नाहीतर ती एका लग्नातली आणि हे दुसऱ्या लग्नातले दिसतील.”

तिनं टाकले. आशाला अर्धं पाऊल मागं घेतलं, पुन्हा पुढं आणलं. रोहितला डावीकडं नेऊन पाहिलं, नाही जमलं, परत आणलं. ब्लेडच्या काळात एवढ्या हालचालींना एवढे फोटो कापावे लागले असते की निम्म्यात कोणीही नाद सोडला असता. आता वाया काहीच जात नव्हतं, म्हणून मनासारखं होईपर्यंत करून बघता येत होतं. भागुबाई पायरीवरून उठून कधी मागं येऊन उभी राहिली ते उज्वलाला कळलंच नाही.

“आजून जवळ आन. खांद्याला खांदा लागला व्हता.”

उज्वलानं आणखी जवळ आणलं.

“हां. आसं.”

“पाय?” उज्वलानं नानांना विचारलं.

नानांनी डोळे बारीक केले. “पाय लागलेत. पण जमीन ओली आहे ना तिथं? ओल्या जमिनीत माणूस खाली पण दिसतो.”

उज्वलानं दोघांची उलटी नक्कल काढून पायांखाली धरली, अगदी पुसट केली, आणि पिंपांतून सांडलेल्या पाण्यात शालूचा लाल रंग उतरला. किशोर पुढं येऊन बघत राहिला. त्यानं आयुष्यात इतके फोटो काढले होते, पण असा आपल्याकडून निघाला नाही, हे तो मोठ्यानं बोलला, आणि बोलताना त्याला अजिबात कमीपणा वाटला नाही.

भागुबाईनं पदरानं डोळे टिपले नाहीत की काही नाही. कमरेवर हात ठेवून ती स्क्रीनकडं पाहत होती, फोटोत होती तशीच. “आता इचारू दे कोनालाबी,” ती म्हणाली.

फोटो सातपूरला गेला तेव्हा आशाच्या सासूबाई, यशोदाबाई, आधी नाराज झाल्या. इतकं सजवलेलं स्टेज सोडून पिंपं कशाला भिंतीवर? मग रोहितनं सांगितलं की आई, आम्ही खरंच गेलो होतो तिथं. यशोदाबाई म्हणाल्या, “हो, नवरी कुठं गेली म्हणून मी शोधत होते खरी.” आणि फोटो पुढच्या खोलीतच लागला. दुसरा एक, लॅमिनेट केलेला, भागुबाईच्या पाटीमागं बांबूला टांगला गेला. मेथी घ्यायला आलेल्या बायकांनी विचारलं, की ती जुडीवर पाणी मारत सगळं लग्न पहिल्यापासून सांगायची. शेवटी म्हणायची, “उज्वलाबाईनं केला. चिमाजीनानाच्या सुनेनं.”

त्या बांबूवरून स्टुडिओत किती गिऱ्हाइकं आली याला गणती नाही. पण या प्रसंगानंतर उज्वलानं एक सवय लावून घेतली. कोणी माणूस सरकवायला सांगितलं की फास टाकण्याआधी ती विचारायची, “त्या दिवशी हे कुठं होते? तिकडं कसे गेले असते?” लोकांना आधी नवल वाटायचं. मग ते सांगू लागायचे. एखाद्या आजीला माजघरातून बाहेर यायला वेळच मिळाला नव्हता, कोणाचा भाऊ रजा न मिळाल्यानं संध्याकाळी पोचला होता. ऐकलेलं कुठं तरी फोटोत उतरायचंच. जो माणूस त्या दिवशी नव्हताच, त्यालाही ती आणायची, नाही म्हणायची नाही. मात्र प्रिंटच्या मागं आपल्या हातानं लिहायची, ‘जुळवलेला’. एका गिऱ्हाइकानं कुरकुर केली, तर नाना म्हणाले, “चित्रकार सही करतो का नाही? तशी ही तिची सही समजा.”

कॅमेरे डिजिटल झाले, रोल गेले, प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या आल्या. कडा आपोआप ओळखणारे, मागची जागा आपोआप भरणारे प्रकार येत राहिले. प्रत्येक नवा प्रकार आला की किशोर म्हणायचा, आता तुझं काम संपलं. उज्वला तो शिकून घ्यायची आणि वाचलेल्या वेळात दोन मुलींना शिकवायची. सिन्नरहून मोहिनी नावाची एक मुलगी रोज एसटीनं यायची. महिनाभर उज्वलानं तिला माऊसला हातच लावू दिला नाही, नुसते फोटो बघायला लावले. मोहिनी वैतागून म्हणाली, “ताई, यात शिकायचं काय आहे?” उज्वला म्हणाली, “सांग, ही बाई उन्हात उभी आहे का सावलीत?” मोहिनीचं उत्तर चुकलं. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधी आली. पुढं तिनं सिन्नरच्या बसस्टँडसमोर स्वतःचं दुकान थाटलं, आणि उद्घाटनाची फीत उज्वलाच्या हातून कापवली.

दोन हजार आठच्या दिवाळीआधी ‘मधुछाया’ची जुनी पाटी उतरवली. रंग उडाला होता, अक्षरं ओळखू येत नव्हती. पेंटर शिडी लावून उभा होता. नाना आता ऐंशीच्या घरात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, काळा चष्मा लावून रस्त्यात खुर्ची टाकून बसले होते.

“प्रोप्रायटरचं नाव काय टाकू, नाना?” पेंटरनं विचारलं. “चिमाजी आणि किशोर?”

“उज्वला लिही,” नाना म्हणाले. “वर. मोठ्या अक्षरात.”

पेंटरनं किशोरकडं पाहिलं. किशोर पानपट्टीवरून येत होता, हसत म्हणाला, “माझ्याकडं काय बघतोस? मला खाली जागा राहिली तर घाल.”

उज्वला आत काम करत होती. गलका ऐकून ती पडदा सारून बाहेर आली आणि वर बघून लाजली. “नाना, हे कशाला?”

“तू गप,” नाना म्हणाले, आणि पेंटरला ओरडून सांगू लागले, “अरे, मधे घे तिला, मधे! डावीकडं गेलं ते नाव. पूस आणि पुन्हा काढ.”